घोंगडीवालीसाठी माळ शोधताना: घोडेगाव, पिंपरी पेंढार, लोणी

शुक्रवारी पहाटे पुण्याहून निघालो तेव्हाच मला परत घरी जाऊन झोपावंसं वाटत होतं. सहलीला निघालेल्या माणसाने असं म्हणू नये, पण ही सहल नव्हती. माझ्या चित्रकथेवर सिनेमा निघणार होता आणि त्यासाठी जागा बघायच्या होत्या. सोबत होता दिग्दर्शक समीर. त्याचा हा पहिलाच सिनेमा.

माझी चित्रकथा दिवाळी अंकांतून येते, नव्वदच्या दशकापासून. तिची नायिका घोंगडीवाली. मेंढरं राखणारी बाई. घोंगडी डोक्यावरून घेतली की डोंगराएवढी होते. मी तिला पहिल्यापासून एकाच तऱ्हेने काढत आले आहे. घोंगडीचा काळा, भंडाऱ्याचा पिवळा, आणि बाकी सगळा कोरा कागद. आभाळही कोरं. सिनेमा करू म्हणणारे याआधीही आले आणि चहा पिऊन गेले. या वेळचे निर्माते खरंच पैसे घालायला तयार होते. अट एकच: सिनेमा ‘त्या’ परदेशी सुपरहिरोंच्या सिनेमांसारखा दिसला पाहिजे. निळा-काळा अंधार, पाऊस, चकचकीत चामड्याचा पोशाख. सोमवारी मला हो किंवा नाही सांगायचं होतं. ‘नाही’ म्हटलं तर सिनेमा संपला, हे त्यांनी गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं.

नाशिक रस्त्याचं काय सांगावं! राजगुरुनगरला गाड्या तुंबलेल्या, पुढे खेडच्या घाटात उसाचा ट्रॅक्टर आडवा. जाणार असाल तर सहाच्या आत चाकण सोडा, नाहीतर माझ्यासारखी कंबर धरून बसा. मंचरला डावीकडे वळलं की घोडेगावचा रस्ता. स्वतःची गाडी नसेल तरी अडत नाही, मंचरहून एसटी आहे आणि घोडेगावच्या स्टँडवरून डोंगरातल्या गावांना गाड्या सुटतात, फक्त परतीची वेळ आधी विचारून घ्या. स्टँडजवळ मिसळ खाल्ली. तर्री अशी की समीरच्या डोळ्यांतून पाणी.

जेवणाआधी पश्चिमेच्या डोंगरात हिंडलो. फेब्रुवारीचं ऊन, गवत वाळून पांढरट पडलेलं. समीर कॅमेरा लावायचा आणि वैतागायचा.

“ताई, इथे सगळं उजेडच उजेड आहे. अंधार आणू कुठून?”

“आणूच नकोस.”

“तुम्हाला सोपं आहे बोलायला. अंधारात सगळं खपतं. नटीला टांगलेल्या तारा दिसत नाहीत, कॉम्प्युटरवरचं स्वस्त काम दिसत नाही. उजेडात बाई डोंगराएवढी करायची तर आपल्या पैशांत ती पुठ्ठ्याची दिसेल.”

हे मला पटलं, म्हणूनच मी चिडले. पोरगा मूर्ख नव्हता.

मुक्काम पिंपरी पेंढारला, समीरच्या मामांकडे. नारायणगाव, आळेफाटा करत पोहोचेपर्यंत माझे पाय सुजले होते. मामांनी ओसरीवर सतरंजी टाकली, मामींनी मासवडी आणि रस्सा केला. जुन्नर तालुक्यात येऊन मासवडी न खाता गेलात तर तुमच्यासारखे करंटे तुम्हीच. मामांना घोंगडीवाली माहीत होती, कारण भाच्याने अंक पाठवले होते.

“लई झ्याक काढता बगा,” ते म्हणाले. “चेहरा झाकला तरी कळतंय हीच ती. पण पिच्चरमंदी निळी का करायलीत?”

“मामा, लोकांना तसंच आवडतं,” समीर म्हणाला.

“कोणत्या लोकान्ला? आमाला तर कुणी इचारलं न्हाई.”

समीरने रस्सा वाढून घेतला आणि विषय बदलला. माझ्या मनात मात्र तो चालूच राहिला. चित्रकथेतलं चित्र म्हणजे गोष्टीवर घातलेला सदरा नव्हे, की हा काढून दुसरा चढवला. तेच तिचं अंग असतं. माझी रेघ जाड आहे, आभाळ कोरं आहे, म्हणून माझी बाई एकटी आणि मोठी दिसते. ते काढून घेतलं तर उरतं काय? नाव आणि मारामारी. मग तिचाच सिनेमा कशाला, कुणाचाही करा! पडद्यावर आलेल्या चित्रकथा एकामागून एक तशाच दिसायला लागल्या आहेत; मध्येच उठून दुसऱ्या पडद्यासमोर जाऊन बसलं तरी कळायचं नाही. हे सगळं मी समीरला सांगणार होते. पण दमले होते, झोपले.

दुसऱ्या दिवशी मंचरला परत येऊन पूर्वेकडे लोणीला गेलो. डोंगर मागे पडतात आणि नुसता माळ लागतो. जेवणाची सोय बघूनच निघा, वाटेत फारसं काही नाही. मामांच्या ओळखीच्या भीमाबाई तिथे मेंढरं राखतात, त्यांना भेटायचं होतं. पोहोचलो तर हौदावर भांडण जुंपलेलं. एका बाजूला भीमाबाई, दुसऱ्या बाजूला त्यांचे दीर म्हसूभाऊ, आणि मधे दोघांची मेंढरं एकमेकांत मिसळलेली.

प्रकार असा होता. लोकर कातरली की मेंढरांच्या पाठीवर रंगाचा पट्टा ओढतात, ज्याचा त्याचा ठरलेला. भीमाबाईंचा पिवळा, दिरांचा लाल. या खेपेला बाजारात दुकानदाराकडे फक्त निळा उरला होता. दिरांकडे मागचा लाल शिल्लक असेल, असं समजून भीमाबाईंनी निळा घेतला. भावजयीकडे मागचा पिवळा असेल, असं समजून दिरांनीही निळाच घेतला. एकमेकांना विचारायचं दोघांनाही सुचलं नाही.

“मी माझी मेंढरं तोंडावरनं वळखते!” भीमाबाई ओरडत होत्या.

“तू वळखतीस, पर मला कसं पटावं? पट्टा काय आपल्यासाठी असतोय व्हय? दुसऱ्यासाठी असतोय!” म्हसूभाऊ म्हणाले.

निवड करता करता ऊन कलायला लागलं. कातरल्या मेंढरांची तोंडं मला तरी सगळी सारखी दिसत होती. शेवटी भीमाबाई दगडावर टेकल्या, घोंगडी डोक्यावर ओढली. मागे पांढरा माळ, वर कोरं आभाळ. मी जागच्या जागी उभी राहिले. इतकी वर्षं जी काढत आले, ती समोर बसली होती.

समीरने भिंगावर निळी काच चढवून तिचा फोटो काढला. दिवसाची रात्र करून बघायची होती त्याला. भीमाबाईंनी मागितला म्हणून कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवला.

त्यांनी निरखून पाहिलं. “पावणं, ह्यो काय मी मेल्यावर काढलाय व्हय?”

म्हसूभाऊ भांडण विसरून हसले. मीही हसले. समीर हसला नाही. त्याने काच उतरवून खिशात ठेवली आणि पुढचे फोटो तसेच काढले, बराच वेळ.

परतीच्या वाटेवर राजगुरुनगरच्या गर्दीत अडकलो असताना निर्मात्यांचा फोन आला. सोमवारपर्यंत थांबायचं त्राण माझ्यात नव्हतं. म्हटलं, “ती जशी आहे तशी करणार असाल तर करा. निळी नाही.” पलीकडून “बरं, बघतो,” आणि फोन बंद. ‘बघतो’ म्हणजे काय ते एवढ्या वर्षांनी मला कळतं.

समीरने स्टिअरिंगवर हात आपटला. “ताई, तुमच्याकडे कागद आहे. उद्या परत काढाल. माझ्याकडे काय आहे?”

घरी पोहोचल्यावर माझी पिशवी दारात ठेवून तो निघून गेला.

या गोष्टीला आता काही महिने झाले. घोंगडीवालीचा सिनेमा गेला. त्याच निर्मात्यांनी दुसरी नायिका घडवली, निळी, चामड्यातली, आणि तो सिनेमा समीरला दिला. त्याने घेतला. मी त्याच्या जागी असते तर मीही घेतला असता, त्यामुळे मनात राग नाही. वाईट मात्र वाटतं. पडद्यावर तिला बघायचं मी फार दिवस मनात धरलं होतं आणि रस्त्यात अडकलेल्या गाडीत बसून ते घालवलं. बरोबर केलं का, हे मला रात्री एक वाटतं आणि सकाळी दुसरं.

मागच्या रविवारी समीर पोस्टर दाखवायला घरी आला.

“कसं वाटतं, ताई?”

“चांगलं आहे.”

“खोटं बोलताय.”

“हो.”

मग आम्ही चहा प्यायलो. निघताना टेबलावरच्या नव्या पानाशी तो थबकला. पान अर्धवट होतं. काळी घोंगडी भरून झाली होती, बाकी कोरं. तो ते इतका वेळ बघत राहिला की मी दिवा लावला.

“मला हा सिनेमा करायचा होता,” तो म्हणाला.

मी त्याच्या हातात पोस्टरची गुंडाळी दिली. मलाही तो त्यानेच करायला हवा होता.