टाच तीच

महाडच्या कानाच्या डॉक्टरांनी मुरारीला विचारलं होतं, "कुठल्या कारखान्यात होता काका? एवढा कान कसा गेला?"

"कारखान्यात नाय. गाण्यात होतो," मुरारी म्हणाला.

डॉक्टर हसले. पांढऱ्या टोपीतला, पायजम्याची एक बाजू चुरगळलेला हा म्हातारा गाण्यात असेल असं कुणालाही वाटलं नसतं. मुरारीही हसला आणि गोळ्यांची चिठ्ठी घेऊन पोलादपूरच्या एसटीत बसला. सांगायला गेलं तर गोष्टीला लांबण लागते, आणि डॉक्टरांच्या दाराशी माणसं खोळंबली होती.

गाण्यात होता म्हणजे गाण्याखाली होता. पोलादपूरच्या वरच्या अंगाला त्याची वाडी. वाडीतले बरेच गडी तेव्हा मुंबईला काळाचौकीच्या एकाच खोलीत राहायचे आणि एकाच मंडपवाल्याकडे कामाला जायचे. स्पीकरच्या पेट्या वाहायच्या, लोखंडी घोडे उभे करायचे, वर फळ्या ठोकून स्टेज बांधायचं. बाकीचे काम संपलं की जेवायला जायचे. पण ऑस्बर्टचा कार्यक्रम असला की मुरारी आणि हैबती या दोघांना स्टेजच्या खाली बसावं लागायचं. वर उड्या पडायच्या, स्टेज हलायचं, घोड्याखालच्या लाकडी पाचरी सुटायच्या. सुटली की हातोडीने परत आत मारायची. अंधारात पाचर दिसत नसे. म्हणून डोक्यावरच्या फळीला तळवा लावून बसायचं. फळी वेगळी थरथरली की समजायचं, या कोपऱ्यातली ढिली झाली.

ऑस्बर्ट इंग्रजी गायचा. गिटार, ड्रम, केस कमरेपर्यंत. मुंबईची कॉलेजची पोरं त्याच्यासाठी वेडी व्हायची. वाडीचे गडी त्याला आसबर म्हणायचे. वीस-बावीस वर्षांत मुरारीने त्याला गाताना समोरून कधीच पाहिलं नाही. एका शब्दाचा अर्थ त्याला कळला नाही. पण तळव्याला त्याची टाच कळायची. गाताना ऑस्बर्ट उजवी टाच आपटायचा, आणि ती ड्रमच्या ठोक्याच्या केसभर आधी पडायची. जणू तोच ड्रमवाल्याला पुढे ओढत होता. कुठलंही गाणं असो, टाच पडली की मुरारीच्या अंगावर काटा यायचा.

हैबतीलाही टाच कळायची, पण त्याचं मत निराळं.

"आसबर बदलला रे," तो दर वर्षी म्हणायचा. "पैल्यासारखा नाय रायला."

"काय बदललं? टाच तीच हाय."

"तुला टाचेशिवाय दुसरं काय कळतं? बैल हायस."

"आणि तू रेडा. ठोक ती पाचर."

हा वाद चाळीस वर्षं चालला. दोघं म्हातारे होऊन वाडीत परत आले तरी चालला. ओट्यावर बसून, जेवताना, शेतावर जाताना. हैबतीची अट एकच होती. ज्याचं चुकेल त्याने तोंडाने म्हणायचं, "तुझं खरं." मुरारीने ते एकदाही म्हटलं नाही. गेल्या माघात हैबती गेला, आणि वाद मुरारीच्या एकट्याच्या गळ्यात पडला.

मुरारीची नात सेजल कामोठ्याला कॉलेजात आहे. आजोबा फोनवर नुसते "बरं हाय" म्हणतात हे तिच्या लक्षात आलं. तिने ऑस्बर्टच्या चाहत्यांचा एक ग्रुप शोधून काढला आणि आजोबांना त्यात घातलं.

"आबा, तुमच्या आसबरची माणसं आहेत सगळी. बोला त्यांच्याशी."

"मी काय बोलू गो त्यांच्यात? तिथं इंग्रजी चालतं."

"मराठीत लिहा. खातात की काय?"

ग्रुपात तीनशे माणसं होती. मुरारी लिहीत नसे, वाचत असे. त्यासाठी एसटीच्या थांब्यापर्यंत उतरावं लागे, कारण वाडीत नेट चालत नाही. इंग्रजीचं डोक्यावरून जायचं, पण मधूनमधून कुणी मराठीत लिही. वाचून तो थक्क झाला. शिकलेली, नोकऱ्यांवाली माणसं अगदी त्याच्या आणि हैबतीसारखी भांडत होती. ऑस्बर्टची पहिली दोन वर्षंच खरी, असं एक बाजू म्हणे. दुसरी म्हणे, माणूस वाढतो, त्याचं गाणंही वाढतं. पंचाहत्तरीच्या ऑस्बर्टने नुकतंच एक नवं गाणं काढलं होतं. संथ, खुर्चीत बसून गायलेलं, मांडीवर शाल. पहिली बाजू म्हणाली, संपला.

मुरारीने ते गाणं थांब्यावर फोनमध्ये उतरवून घेतलं आणि घरी आणलं. त्याच्या घरात स्पीकरची एक रिकामी पेटी आहे. मंडपवाल्याने मोडीत काढली तेव्हा त्याने गावी आणली, झाकण बसवलं आणि तांदूळ भरले. आता तांदूळ तळाशीच होते. त्याने फोन झाकणावर ठेवला, आवाज मोठा केला आणि बाजूच्या फळीला तळवा लावून बसला.

शेजारची रंगूबाई विरजण मागायला आली. "काय ओ भावजी, पेटीला धरून काय बसलाव? तांदूळ पळून जातायत?"

"इथं हात लाव. कायतरी लागतं का बघ."

तिने हात लावला. "धडधडतंय खरं. पण तुमचाच हात कापतोय, भावजी."

ती विरजण घेऊन गेली. मुरारीने हात काढला, परत लावला. होती. अगदी हलकी, पण होती. टाच!

दोन दिवस तो कॅलेंडरच्या मागे लिहून खोडत राहिला. तिसऱ्या दिवशी थांब्यावर बसून त्याने एकेक अक्षर शोधत फोनवर उतरवलं: "नमस्कार. गाणं संथ असलं तरी ऑस्बर्ट बदललेले नाहीत. त्यांची उजवी टाच तीच आहे. मी स्टेजखाली असायचो. मुरारी, पोलादपूर."

पाठवलं. महाडची एसटी आली आणि गेली. हसरे चेहरे येऊ लागले, एक, चार, सात. मग साहिल नावाच्या कुणीतरी मराठीत लिहिलं: "काका, त्यांचा उजवा पाय तीन वर्षांपूर्वी गुडघ्याखालून काढला. मधुमेह. म्हणून तर खुर्ची. टाच कुठून येणार?"

मुरारीने ते दोनदा वाचलं. मग फोन खिशात घालून चढण चढायला लागला. रंगूबाईचं खरं असावं, आपलाच हात कापतो. ऐकू येत नाही त्या माणसाने गाण्यात तोंड घालू नये. हैबती असता तर हसून हसून ओट्यावरून पडला असता, आणि ते चाललं असतं.

दुपारचा भात त्याने गरम केला नाही. पेटीपाशी बसला. गाणं लावायचं नाही असं ठरवलं होतं, पण लावलं.

होतीच. फळीला कुणीतरी खालून हळूच ठोकावं तशी. पण आता तो घाईने आनंदला नाही. गाणं चार वेळा लावून नुसती वाट बघत बसला, आणि मग त्याला कळलं. ती ड्रमच्या आधी पडत नव्हती. केसभर मागून येत होती.

असं मागून येणं त्याला ओळखीचं होतं. एका साली हैबतीच्या उजव्या हातावर पेटी पडली, बोटं गेली. तेव्हापासून तो डाव्या हाताने हातोडी मारायचा. तो ठोका असाच यायचा, जरा दबकत, जरा उशिरा. अंधारातही मुरारीला कळायचं, हा हैबतीचा डावा.

डावी टाच. एक पाय गेला म्हणून त्याने दुसऱ्याला शिकवलं होतं, म्हातारपणी, खुर्चीत बसून.

म्हणजे टाच ती नव्हतीच.

ऊन कलायच्या आत मुरारी परत थांब्यावर उतरला. ग्रुपात तोवर दुसराच वाद पेटला होता, त्याचं लिहिलेलं कुठल्या कुठे वर गेलं होतं. त्याने खाली लिहिलं:

"डावी असणार. आधी पुढे पडायची, आता मागून येते. तुझं खरं, हैबती. बदलला."

पाठवल्यावर त्याच्या ध्यानात आलं की हे आपण भलत्याच ठिकाणी लिहिलं. पुसायचं कसं ते त्याला येत नव्हतं. तो स्क्रीनकडे बघत बसला. मग साहिलचं आलं.

"हैबती कोण, काका?"

थांब्यावर दुसरं कुणी नव्हतं. मुरारीने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, चष्मा पुसला आणि अक्षरं शोधायला सुरुवात केली.

"आम्ही दोघं खाली असायचो."