घरचेच राखणदार

आमच्या आष्टीत ताप आणि पुरळ एकदम आले की घाबरायचं नसतं, उलट आनंद मानायचा असतो. अंगातली गरमी बाहेर पडते म्हणे. आमच्या ह्यांच्या पायाचा अंगठा सुजायचा, म्हणून डॉक्टरांनी युरिक ॲसिडची गोळी दिली होती. काही आठवड्यांनी ताप भरून अंगभर लाल चट्टे उठले, तर सासूबाई चक्क खूश!

"निघू दे सगळी गरमी. गोळी बंद करायची न्हाई बरं," असं म्हणत त्यांनी लेकाला सब्जाचं पाणी पाजलं. भेटायला येणाऱ्या बायकाही माना डोलवून चहा पिऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी ह्यांच्या ओठांवर फोड आले आणि डोळे चिकटून बंद झाले. मग मात्र माझं डोकं फिरलं. गोळ्यांची पट्टी पर्समध्ये कोंबली, गाडी बोलावली आणि सासूबाईंना म्हटलं, "उरलेली गरमी जालन्याला काढू. बसा गाडीत."

जालन्याच्या डॉक्टरांनी पट्टी बघताच गोळी बंद केली आणि ह्यांना भरती करून घेतलं. डोळ्यांचे डॉक्टरही येऊन गेले. जीव वाचेल, पण नजरेचं आत्ताच सांगता येत नाही, म्हणाले. मी बाहेरच्या बाकावर बसून पोटभर रडले, तोंड धुतलं आणि आत आले.

आत सासूबाई डॉक्टरांना विचारत होत्या, "ही गोळी तर कितीक जण खातेत. मंग यालाच काहून?"

डॉक्टर शांतपणे समजावत होते. शरीरात रोगजंतूंशी लढणाऱ्या राखणदार पेशी असतात. काही मोजक्या लोकांमध्ये या गोळीमुळे त्यांना स्वतःचीच कातडी परकी वाटायला लागते आणि त्या तिच्यावर तुटून पडतात. पुन्हा ही गोळी घेतली तर परत तसंच करतील, म्हणून ती जन्मात घ्यायची नाही.

"आपलेच राखणदार? अन् आपल्यालाच? सांगा की त्यांना, घरचा माणूस हाय म्हणून!"

"तेच करून राह्यलो, आजी."

पण डॉक्टरांवर एवढं मोठं काम सोपवतील त्या सासूबाई कसल्या! खाटेशेजारी बसून त्यांनी स्वतःच पेशींची हजेरी घ्यायला सुरुवात केली. "बस करा रे मेल्यांनो! लेकरू हाय ते माझं. दुसरं काम न्हाई का तुम्हाला?" नर्स तोंडाला रुमाल लावून हसायची. ओठ फुटलेले, त्यामुळे हसलं की ह्यांना कळ यायची. हात जोडून ते आईला गप्प बसायला विनवायचे.

हळूहळू फोड वाळले, खाली नवी कातडी आली. डोळ्यांत मात्र आम्ही आळीपाळीने थेंब घालतच होतो, आणि मनातली भीती कुणी बोलून दाखवत नव्हतं.

मग एका सकाळी डॉक्टर म्हणाले, "उघडा बघू डोळे."

पापण्या थरथरल्या, उघडल्या. हे माझ्या तोंडाकडे नुसतेच बघत राहिले.

"अगं, टिकली वाकडी लागली तुझी."

सासूबाईंनी ती सरळ करायला हात पुढे केला. मी त्यांना हात लावू दिला नाही. ह्यांना दिसली होती ना, मग वाकडीच राहू दे!