एक काना, एक मात्रा

शिकलेल्या लोकांशी माझं कधी जमलं नाही. चौथीत असताना मास्तरानं कान पिरगळला. मी पाटी तिथंच ठेवून घरी आलो, ती आजतागायत आणायला गेलो नाही. तरी वाचता येतं. पाटाचं पाणी मागायचा फॉर्म मी कुणाकडून कधी भरून घेतला नाही.

आमचं रान इंदापूर तालुक्यात, पाटाच्या पार शेपटाला. वरची गावं आपला ऊस भिजवणार आणि उरलं तर खाली सोडणार. त्यातलंच एक कोऱ्हाळे बुद्रुक. तिथं माझी लेक दिली आहे. तिचा सासरा, म्हणजे माझा व्याही, भेटला की आधी विचारतो, "काय पाव्हणं, आलं का पाणी?" न आलेलं त्याला ठाऊक असतं.

माझ्या मुलाची मुलगी, माझी नात, बारावी झाली. मी इंजिनीअरिंग म्हटलं. ती बारामतीच्या कॉलेजचं पुस्तक घेऊन आली. तिच्या बापानं सहीचा कागद माझ्याकडं सरकवला, कारण घरात शब्द माझा. पुस्तकात नाना कोर्स. भाषा म्हणे! आईनं शिकवलेली बोली वर्गात बसून पुन्हा शिकायची. तत्त्वज्ञान म्हणे! पाटाच्या शेपटाला पाण्याची वाट बघत बसा, आपसूक येतं. तिनं एका ओळीला पेनानं खूण केली होती. ती मी चष्म्याशिवाय मोठ्यानं वाचली, "सार्वजनिक धरण."

दुसरं काही विचारलं नाही. सही ठोकली. त्याच आठवड्यात कोऱ्हाळ्याला जाऊन व्याह्याला ऐकवलं, "माझी नात धरण शिकती. आता बघतोच पाणी कुठं अडतंय ते."

दिवाळीच्या सुट्टीच्या शेवटच्या दिवशी व्याही आमच्याकडं जेवायला आला. ताटावर बसूनच नातीला म्हणाला, "काय गं, भिंत किती उंच बांधायला शिकवली?"

"भिंत न्हाय, आजोबा. सरकारनं कायदा कसा करायचा, पाणी कुणाला किती द्यायचं, असलं शिकवत्यात. सार्वजनिक धोरण."

व्याह्याचा घास हातातच राहिला. मग असा हसला की ठसका लागला. "पाव्हणं, पाटाचं पाणी आमी खातो म्हणून बोंबलता, आन् तुमी तर धोरणाचा काना-मात्राच खाल्ला की!"

पंगत हसली. माझा मुलगासुद्धा.

तो गेल्यावर मी नातीला धरलं. "मी वाचलं तवा तू समोर हुतीस. ऐकलं न्हाईस?"

"ऐकलं."

"मग गप का बसलीस?"

"आबा, तुमचं चुकलं म्हणायची या घरात कुणाची छाती हाय?"

हात उचलला होता, खाली घेतला. पण सांगून टाकलं, उद्या नाव काढायचं. ती रडली नाही. सकाळी दप्तर घेऊन माझ्या आधी एसटीच्या थांब्यावर उभी होती.

कॉलेजच्या ऑफिसातल्या बाईनं नाव काढायचा फॉर्म दिला. "पालकांनी आपल्या हातानं कारण लिहायचं, काका. खाली सही."

बाकावर बसलो. या बारीला चष्मा लावला. 'कारण' या शब्दापुढं दोन ओळी मोकळ्या होत्या. काय लिहू? पोरगी हुशार नाही? पहिल्याच परीक्षेत वर्गात वरचे मार्क तिचे. कोर्स वाईट आहे? मग सही का केली, असं ही बाई विचारणार. खरं कारण तीनच शब्दांचं होतं, मी चुकीचं वाचलं. ते माझ्या अक्षरात, माझ्या सहीवर, त्यांच्या कपाटात कायमचं राहिलं असतं.

नात शेजारी उभी होती. "मी सांगू का काय लिहायचं ते?"

"तू गप."

तास गेला. बाई जेवायला उठली. "लिहिलं का, काका?"

"तुमचं पेन उमटत न्हाय," मी म्हटलं आणि फॉर्म खिशात घातला. नातीला म्हटलं, "बघत काय बसलीस? जा वर्गात."

ती पळाली. थँक्यू नाही, काही नाही.

परवा व्याह्यानं फोनवर खोचून विचारलं, "काय पाव्हणं, नात काय शिकती म्हणला?"

"धरण," मी म्हटलं.

नात तिथंच अभ्यास करत होती. तिनं मान वर केली नाही, की मला सुधारलं नाही. तिचं ते गप बसणंच मला अजून झोंबतं.