पेटीचं कुलूप
तापलेल्या ताडपत्रीचा वास आला की मला तेरचं तंबूतलं थेटर आठवतं. दुष्काळातली संध्याकाळ होती. पिक्चरच्या रिळांची पेटी आली होती, पण कुणी त्यावरून चोरून व्हिडिओ कॅसेट बनवू नये म्हणून कंपनीनं तिला कुलूप घातलं होतं, अन् किल्लीवाला माणूस तामलवाडीला बंद पडलेल्या एसटीत अडकला होता. फुकटे घुसू नयेत म्हणून मालकानं आम्हाला आत बसवून कनात बाहेरून आवळली होती. तेवढ्यात पाण्याच्या टँकरचा हॉर्न वाजला. "अवो, सोडा की, माज्या घागरी लायनीत हायेत!" आई ओरडली. "गाठ सोडली की फुकटे घुसतेत, बाई," बाहेरून मालक म्हणाला. घागरींचा खणखणाट, भांडणं, मग निघून गेलेला टँकर, सगळं आम्ही आत बसून ऐकलं. आज चोरून नक्कल होऊ नये म्हणून कंपनीनं कॉम्प्युटरवरचा नवा गेम लांबवलाय, तर नातू चिडलाय. मी उठून नळाला पाणी आहे ना, ते सोडून बघते.