आमच्याकडचं पहिलं ‘नाही’

राळेगावात पहिलं ‘नाही’ कोणी धरत नाही. पाहुण्याला चहा विचारला की त्यानं ‘नाही, आत्ताच झाला’ म्हणायचं, घरच्यांनी ‘अर्धा कप घ्या’ म्हणायचं, पाहुण्यानं घड्याळाकडे पाहायचं, तोवर आत चहा गाळून झालेला असतो. आर्णीची माझी आत्या तर विचारण्याच्या भानगडीतच पडत नाही. पातोडीचा रस्सा वाढताना तुम्ही ताटावर हात आडवा धरलात, तर ती शांतपणे सांगते, हात काढ, नाहीतर हातावर वाढीन. एकदा तिनं खरोखर वाढलं होतं. अशा माणसांत मी लहानाची मोठी झाले. विचारल्याबरोबर ‘हो’ म्हणणारं माणूस आमच्याकडे हावरट ठरतं, आणि परदेशात जाऊन घराण्याचं नाव घालवायची माझी इच्छा नव्हती.

अन्नतंत्रज्ञान शिकायला मी इटलीत पादोवाला गेले. तिथं दोन खोल्यांचं घर मिळालं. दुसऱ्या खोलीत माझ्याच वर्गातली एक इटालियन मुलगी राहायची. पहिल्याच सकाळी तिनं गॅसवर छोटी कॉफीची किटली चढवली आणि मला विचारलं, घेणार का? मी अर्थातच नको म्हटलं. तिनं एकच कप भरला, उभ्याउभ्या प्यायली, कप विसळला आणि कॉलेजला निघून गेली. घरभर कॉफीचा वास, आणि मी टेबलापाशी अर्ध्या कपाच्या आग्रहाची वाट पाहत बसलेली.

रोज हेच चाललं. मुलगी मनानं फार चांगली. माझं इटालियन सुधारायची, सायकलची साखळी पडली तर बसवून द्यायची. पण मला कॉफी आवडत नाही, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं आणि तिनं विचारणंही सोडलं. इतक्यांदा नको म्हटल्यावर आता हो कोणत्या तोंडानं म्हणायचं? मग ती गेली की मी माझा डबा काढून कॉफी करायचे आणि किटली धुऊन जागच्या जागी ठेवायचे. स्वतःच्याच घरात, स्वतःचीच कॉफी, चोरून.

आईशी रोज बोलणं व्हायचं. दिवाळीत मी सुट्टीत येण्याचं विचारलं, तर तिनं सांगून टाकलं की उन्हाळ्यात सुट्टी मिळाली तरी तू येऊ नको, इकडे नुसतं ऊन तापतं, त्यापेक्षा तिकडेच काहीतरी शिक. मी बरं म्हटलं. आपली आई किती समजूतदार आहे, असंही वाटलं.

डिसेंबर लागला आणि गाव रिकामं व्हायला लागलं. पादोवात रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना लांबच लांब कमानी आहेत. त्यांच्याखालून दिवसभर विद्यार्थ्यांच्या बॅगांची चाकं खडखडत स्टेशनकडे जायची. नाताळात सगळे घरी जाणार, दुकानं बंद होणार, आणि मी त्या घरात एकटी. मला एकटं राहायचं नव्हतं. रात्री अंथरुणावर पडलं की मी सुट्टीचे दिवस मोजायचे.

आणि एका संध्याकाळी देव पावला. बॅग भरता भरता ती म्हणाली, तू आमच्या गावी चल ना नाताळाला, आईनंही विचारायला सांगितलंय. माझा आनंद पोटात मावेना. पण तोंडाला वळण राळेगावचं. मी म्हटलं, नको गं, तुमच्या घरच्यांना कशाला त्रास, मी इथंच अभ्यास करीन.

ती म्हणाली, बरं, तुला जसं आवडेल तसं. आणि बॅगची चेन लावली.

चेनच्या त्या आवाजानं माझा जीव गेला. मी वाट पाहिली. ती भांडी घासायला आली तेव्हा मी उगाच शेजारी उभी राहिले, म्हणजे तिला पुन्हा विचारायला सोपं जाईल. तिनं मला भांडी पुसायला फडकं दिलं. सकाळी ती कॉफी प्यायली, रिकाम्या गावात मला काय काय लागेल ते समजावून सांगितलं, अंडी फ्रिजमध्ये ठेवली आहेत म्हणाली. तिनं कोट चढवला, बॅग उचलली, दार उघडलं. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, ही म्हण मी शंभरदा ऐकली होती. ती लागू पडायची वेळ आता आली होती.

“मला यायचं आहे,” मी म्हटलं. “काल मी नाही म्हटलं, पण मला यायचं आहे. आणि मी कॉफी पिते.”

ती दारातच उभी राहिली. मग बॅग खाली ठेवून म्हणाली, पुढची गाडी तासाभरानं आहे, आवर. आणि मी कपडे कोंबत असताना तिनं किटली चढवली, दोन कप काढले.

गाडीत मी तिला आमची सगळी रीत सांगितली. पहिलं ‘नाही’ नुसतं सभ्यपणाचं, दुसरं थोडं वजन असलेलं, तिसरं मात्र खरं. तिनं विचारलं की एवढ्या वेळात जेवण थंड होत नाही का? होतं, मी म्हटलं, म्हणून आम्ही पुन्हा गरम करतो.

तिचं गाव डोंगराच्या पायथ्याशी होतं. गोठ्यात गाई, घरामागे कापणी झालेलं मक्याचं शेत. नाताळच्या दुपारी मक्याच्या जाड पिठाचा गरमागरम गोळा लाकडी पाटावर ओतला, तेव्हा मला आमच्या ज्वारीच्या कण्या आठवल्या. मी शहाणी झाले होते. जे विचारतील त्याला पहिल्याच दमात हो म्हणत होते. पण वाढायला होती तिची आत्या. पोट तुडुंब भरल्यावर मी मनापासून नको म्हटलं, ताटावर हात आडवा धरला. त्या बाईनं माझं मनगट धरून हात अलगद बाजूला केला आणि मोठा डाव भरून रस्सा वाढला. मला इतकं हसू आलं, की हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आत्या घाबरली आणि तिनं आणखी थोडं वाढलं.

जेवणं आटोपल्यावर आम्ही दोघी कॉफी घेऊन पायरीवर बसलो. ती अजून माझ्या त्या तीन नकारांवरच अडकली होती. तिनं सहज विचारलं, “तुझी आई पण असंच करते?”

“आईनंच तर शिकवलं,” मी म्हटलं आणि हसले. आणि मग हसू थांबलं. उन्हाळ्यात येऊ नको. मी पहिल्याच खेपेला बरं म्हणून मोकळी झाले होते, आणि वर तिला समजूतदार ठरवलं होतं. मी कप ठेवला आणि तिथूनच फोन लावला.

राळेगावात रात्रीच्या जेवणाची वेळ झाली होती. मागे बाबांच्या ताटाचा आवाज येत होता. मी म्हटलं, “आई, उन्हाळ्यात मी येऊन राह्यली.”

“कायले येतं व इतक्या दूर? म्हटलं ना तुले, नको म्हणून.”

“मले यायचं आहे.”

“इकडं ऊन किती तापते, मालूम आहे ना? नको.”

“आई, मी येतो म्हणजे येतो. आता नको म्हणू नको.”

तिनं बाबांना वाढलं, ताटावर पळी वाजली. मग म्हणाली, “मंग मे महिन्यात ये. आंबे असते तवा.”

मला वाटलं फोन ठेवला. पण तिनं तो फक्त तोंडापासून लांब धरला होता. ती बाबांना सांगत होती, “पाहा, म्या म्हटलं नोहतं का, पुन्हा विचारते म्हणून? उशीर लावला पोरीनं, पण विचारलं.”