पार नाही, फेरी

आधी माफी मागतो. आमच्या घरात सहीपलीकडे कोणी काही लिहिलेलं नाही. कॉलेजात पाऊल टाकणारा मी पहिला, म्हणून लगेच आठवणी लिहायला बसावं एवढी माझी लायकी झाली असं मला वाटत नाही. नदीवर आणि होड्यांवर लिहिण्याचा हक्क खरा माझ्या वडिलांचा. पण त्यांना लिहिता येत नाही आणि मला होडी चालवता येत नाही. तेव्हा सांगताना कुठे चुकलं तर ती चूक माझी धरावी, त्यांची नाही.

तीन होड्यांना ताफा म्हणतात का, मला माहीत नाही. बाबा म्हणायचे, "आपला बेडा." माय म्हणायची, "बेडा गर्क होईन एखाद्या दिवशी, तवा समजन."

आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे, वैनगंगेच्या काठचे. गावच्या नावेत आमच्या लोकांना सगळ्यांत शेवटी बसवत. आधी गावातले बसायचे, मग त्यांची गुरं चढायची, मग जागा उरली तर आम्ही. बाबा तरुणपणी त्या नावेत बसलेच नाहीत. कपडे डोक्याला बांधून पोहत जायचे. नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावर त्यांनी कुठूनसा एक जुना डोंगा मिळवला आणि आमच्या वस्तीतल्या माणसांना स्वतःच पलीकडे नेऊ लागले. गावाला ते खपलं नाही. एका सकाळी डोंगा फुटलेला दिसला. कोणी फोडला ते सगळ्यांना माहीत होतं. त्याच सुमारास भिलाईत कारखान्यासाठी माणसं घेत आहेत अशी बातमी आली आणि बाबा गाडीत बसले.

भरती करणाऱ्या बाबूनं विचारलं, "खलासी में जाओगे?"

खलाशी म्हणजे नावेवरचा माणूस. बाबांनी मनाशी म्हटलं, एवढा मोठा कारखाना, त्याला पाणी लागणार, पाण्यावर नावा असणार. ते म्हणाले, "साब, जनम से खलासी हूँ."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या खांद्यावर दोराचं वेटोळं आणि कप्पी दिली आणि आभाळात गेलेला एक लोखंडी खांब दाखवला. कारखान्यात खलाशी म्हणजे दोर लावून जड सामान चढवणारा माणूस, हे त्यांना तेव्हा कळलं. तरी त्यांनी फोरमनला विचारलंच, "नाव कहाँ है?" सगळी गँग पोट धरून हसली. त्या दिवसापासून सगळे त्यांना 'नाववाला' म्हणू लागले. बाबांना त्या नावाचा राग कधी आला नाही. मायला यायचा.

खांबावर चढण्याचं काम ते शिकले. पण हातात दोर आणि आजूबाजूला नुसती लाल धूळ, हे त्यांना मानवेना. एका रविवारी सायकलवरून ते दुर्गच्या पलीकडे शिवनाथ नदीवर गेले आणि परतले तेव्हा त्यांनी एका म्हाताऱ्या केवटाचे दोन डोंगे ठरवून टाकले होते.

"कावून?" माय म्हणाली. "इथं कोणाले पार जाचं हाय?"

"पार कोण म्हणते? फिरवून आणीन. एवढे लोक आले इथं, कोणी मद्रासचा, कोणी पंजाबचा. रविवारी जातीन कुठं? टीनाच्या खोलीत भाजून राहिले बिचारे."

दोन्ही डोंगे शेजारी बांधून वर फळ्या ठोकल्या. ही पहिली होडी. तिला आम्ही जोडी म्हणायचो. दुसरी डांबराच्या रिकाम्या ड्रमांवर बांधलेली. ती एवढी डुलायची की बायका आधी किंचाळायच्या, मग हसायच्या आणि उतरल्यावर पुन्हा बसायला मागायच्या. तिसरी आमची सगळ्यांत देखणी. रशियातून यंत्रं ज्या खोक्यांतून यायची, त्यांची लाकडं जळणासाठी विकत. बाबांनी त्यातल्या फळ्या निवडून निवडून आणल्या आणि एका सुताराला हाताशी धरून दोन हिवाळे खपून खरी नाव बांधली. फळ्यांवर काळी रशियन अक्षरं होती. ती तशीच ठेवली.

एकदा एक रशियन इंजिनिअर बायकोला घेऊन त्या होडीत बसला. ती अक्षरं वाचून त्याला हसू आवरेना. तो अक्षरांकडे बोट करी, मग आभाळाकडे, मग पुन्हा अक्षरांकडे. शेवटी त्याच्या दुभाष्यानं सांगितलं, "इस पर लिखा है, यह तरफ ऊपर। आपने उलटा लगाया है।"

बाबा वल्हं मारता मारता म्हणाले, "पाण्याले कुठं रशियन येते?"

मी तेव्हा हायस्कुलात होतो. रविवारी घाटावर उभा राहून ओरडायचो, "फेरी, फेरी!" आमच्या बेड्याचा नियम एकच होता. जो आधी आला तो आधी बसणार. एकदा दुर्गचे एक वकील धोतर सावरत पुढे आले आणि माझ्या आधी हा झाडूवाला कसा बसला, असं विचारू लागले. बाबा म्हणाले, "वो पहले आया, वकील साब।" वकीलसाहेब परत गेले. बाबांनी त्यांना थांबवलं नाही. तो दिवस मला फार मोठा वाटला होता. आज लिहिताना त्याचं काय एवढं, असंही वाटतं. पण वैनगंगेवर पोहत जाणारा माणूस डोळ्यांपुढे आणला की पुन्हा तेवढाच मोठा वाटतो.

ह्या घाटावर लोकांना पलीकडे नेण्याचा ठेका लिलावात दिलेला होता. ठेकेदार दुर्गचाच, नावा त्याच्या, नावाडी त्याचे. पहिली काही वर्षं त्यानं आमच्याकडे बघितलं नाही. रविवारी गर्दी वाढली तसं त्याचं लक्ष गेलं. तो बाबांना म्हणाला, "ए नाववाला, इस घाट पर पार उतारने का हक मेरा है।"

"मैं पार नहीं उतारता सेठ। इसी काठ से उठाता हूँ, इसी काठ पे उतारता हूँ। पार वेगळं, फेरी वेगळी." बाबांची हिंदी अशीच मध्येच मराठी व्हायची.

ठेकेदार तेव्हा निघून गेला. काही दिवसांनी तो गोड बोलत आला. माझ्या नावानं चालव, माझी पाटी लाव, कोणी हात लावणार नाही. "बस, बैठने में थोड़ा कायदा रखो। बड़े लोग पहले बैठेंगे।"

बाबांनी वल्हं खाली ठेवलं. "सेठ, हा कायदा मी आमच्या गावच्या नदीवर सोडून आलो. इथं त्याले पोहत येऊ द्या." ठेकेदाराला मराठी कळली नसेल, पण आवाज कळला. त्या दिवसापासून तो बाबांची चूक शोधू लागला.

चूक त्याला सापडली ती एका म्हातारीमुळे. फाल्गुन असावा. आसपासच्याच कुठल्या गावची छत्तीसगढी म्हातारी, हातात गाठोडं, ठेकेदाराच्या नावेजवळ सकाळपासून उभी होती. नाव भरायची आणि सुटायची, आणि नावाडी तिला दर वेळी मागे सारायचा. शेवटी ती आमच्याकडे आली.

"मोला ओ पार जाना हे बेटा। बेटी के जचकी होवइया हे।"

मुलीचं बाळंतपण. तिला पलीकडे उतरवलं तर पार झालं, आणि पार झालं की बेडा गेला. मी बाबांकडे बघत होतो. ते म्हणाले, "दाई," तिकडे आईला दाई म्हणतात, "पार नाही नेत. फेरीत बसशील का?"

"जइसे तोर मन।"

"मग ऐक. पलीकडं पाय मोकळे कराले उतर. पण परत माह्याच होडीत बसाचं. ठेकेदाराच्या नावेत नाही. तवरोक तुही फेरी पुरी झाली नाही."

म्हातारीला किती समजलं कोण जाणे. तिनं मान हलवली. बाबांनी तिला पलीकडे सोडलं आणि रिकामी होडी घेऊन आले. ठेकेदाराचा माणूस बघतच होता. आठवड्याच्या आत दुर्गच्या कचेरीत तक्रार गेली.

पुढच्या एका रविवारी पलीकडच्या काठावरून हाका ऐकू आल्या. ठेकेदाराची नाव तिथेच लागलेली, जागाही होती, नावाडी तिला बोलावतही होता. म्हातारी त्याच्याकडे पाठ करून दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडत होती, "ए नाववाला! मोर फेरी बांचे हे!" माझी फेरी बाकी आहे. बाबा एवढ्या जोरात वल्हवत गेले की होडीतल्या दोघा पंजाब्यांचे फेटे भिजले. येताना तिनं सगळ्यांना सांगितलं, नातू झाला.

वैशाखात तक्रारीची सुनावणी झाली तेव्हा कचेरीत साहेबांनी विचारलं, "औरत को उस पार उतारा कि नहीं?"

"उतरी थी साब। फेरी में लोग उतरते हैं, पैर सीधे करते हैं, फिर बैठते हैं।"

"कितने दिन पैर सीधे किए?"

"जचकी थी साब।"

खोलीत हशा झाला. साहेबही हसले. ठेकेदार हसला नाही. तो म्हणाला, हे असंच चाललं तर उद्या अख्खा बाजार फेरीत बसून पलीकडे पाय मोकळे करायला उतरेल. खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं अगदी खोटं नव्हतं. साहेब गंभीर झाले. निकाल पुढे दिला जाईल, म्हणाले.

आम्ही घाटावर परतलो तर तिन्ही होड्या एका जाड साखळीनं वडाच्या मुळाशी जखडलेल्या, साखळीला कुलूप. ठेकेदाराचा माणूस वर बसून विडी ओढत होता. "हुकूम आने तक," तो म्हणाला.

गँगमधले चार जण त्याच संध्याकाळी छिन्नी घेऊन आले. साखळी तोडणं त्यांच्यासाठी काही कठीण नव्हतं. बाबांनी त्यांना हात लावू दिला नाही.

"मी तोडली तं मी चोर. ज्यानं लावली त्यानंच खोलली पाहिजे."

"अरे, पण पावसाळा येऊन राहिला. पूर आला तं?" त्यांच्यातला एक म्हणाला.

"येऊ दे."

मायनं दोन दिवस बाबांच्या नावानं भांडी आपटली. मलाही त्यांचा राग आला होता. पण बाबा दर रविवारी घाटावर जात राहिले. लोक यायचे, साखळी बघायचे आणि विचारायचे, फेरी बंद झाली का? बाबा म्हणायचे, "बंद नहीं। रुकी है।" दिवसभर तिथे बसायचे आणि संध्याकाळी सायकलवरून घरी यायचे. ठेकेदारानं दोनदा निरोप पाठवला की पाटी लाव, साखळी आत्ता काढतो. दोन्ही वेळा बाबांनी निरोप्याला चहा पाजून परत पाठवलं.

मृगाच्या सुमारास मी नागपूरला कॉलेजात आलो. इथे कोणाला शिवनाथ माहीत नाही. पाऊस लागला की मला वर्गात फळा दिसायचा नाही, त्या वडाची मुळं दिसायची. घरून निरोप यायचे ते सगळे तब्येतीचे. होड्यांचं कोणी काही कळवत नव्हतं. विचारायचं धाडस मला झालं नाही.

भिलाईतल्या आमच्या सेक्टरमधले एक काका रेल्वेत फायरमन आहेत. इंजिनावर नागपूरला आले की रनिंग रूममध्ये मुक्काम करतात. पोळ्यानंतर एकदा त्यांनी बोलावणं धाडलं. मी धावत गेलो. काका नुसत्या बनियनमध्ये बसून पोळी खात होते.

"बस. घे भाजी."

"काका, होड्या?"

"पूर आला होता मोठा. जोडी गेली. ड्रमवाली बी गेली, तिचे ड्रम कुठं कुठं सापडून राहिले. रशियन वाचली, पण एका बाजूनं चेंदली."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. काका घोटभर पाणी प्याले.

"मंग हुकूम आला. साहेबानं लिहिलं का फेरी म्हंजे पार नव्हे, होडी सोडा. ठेकेदाराले सोता येऊन कुलूप खोला लागलं."

"आणि बाबा?"

"तुया बाप त्याच रविवारी गेला. चेंदलेल्या बाजूले पत्रा ठोकला, पाण्यात लोटली अन् बसला. पाऊस होता, फिराले कोणी आलंच नाही. मी होतो ना तिथं, म्हटलं, अरे भाऊ, कोणाले फिरवतं? तं म्हणते, 'मलेच.' गेला एकटाच. पार त्या काठाजवळून वळला अन् परत इथंच येऊन लागला."

"ठेकेदार?"

"छत्री धरून उभा होता वर."

"काही बोलला?"

"बोलते काय? पाहून राहिला होता. घे, खा आता."