न वळलेला चेंडू

बेसबॉलच्या मैदानात चेंडू फेकणाऱ्या, म्हणजे पिचर, हॉयट क्रॅबट्रीसमोर बॅट घेऊन उभं राहायचं म्हटलं की भलेभले पाय मागे घ्यायचे. त्या काळी बॅटरच्या डोक्यावर लोकरीची टोपी असायची, दुसरं काही नाही. हॉयटनं एकाचं मनगट मोडलं होतं, एकाच्या फासळ्या. एकाचे पुढचे दात मैदानावरच सांडले, ते माळ्यानं मातीबरोबर लोटून नेले. कुणी विचारलं तर बॅटरच्या पुढ्यात जमिनीत बसवलेली पांढरी पाटी, ती प्लेट, दाखवून हॉयट म्हणायचा, "अर्धी प्लेट माझ्या बापाची आहे. तिच्यावर कोपर आणलंस तर कोपरही माझंच."

बापाची म्हणायची ती त्याची मस्ती. बापाला वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसा खाणीनं केव्हाच गिळलं होतं. मागे राहिले हॉयट आणि धाकटा ड्यूई. आपण तर चेंडू फेकून वर आलो, पण ड्यूईही त्या भोकात उतरता कामा नये, एवढी एकच गोष्ट हॉयटनं मनाशी धरली होती. म्हणून सुट्टीत घरी आला की खाणीच्या राखाडी ढिगाऱ्यामागे तो ड्यूईला उभं करायचा आणि अंगावर चेंडू सोडायचा. पोरगं मागे सरकलं की शिव्या.

"जागा सोडायची नाही, भित्र्या! माझा चेंडू तुझ्या अंगावर येतोय असं दिसलं, तर तो वळणार हे समज. तुला मी कधी मारीन काय रे?"

ड्यूई शिकला. इतका की मोठ्या शहरातल्या दुसऱ्या एका क्लबनं त्याला घेतलं. कोळशाच्या खोऱ्यातून दोन भाऊ वर आले, आई चर्चमध्ये मान ताठ करून बसायला लागली.

मग तो रविवार उजाडला. हॉयटचा संघ आणि ड्यूईचा संघ समोरासमोर होते. हॉयटचे चेंडू प्लेटमागे झेलणारा कॅचर ऑटो बॅट घेऊन उभा राहिला, तेव्हा ड्यूईच्या संघाच्या पिचरनं त्याच्या जबड्यावर चेंडू घातला. हाड मोडल्याचा आवाज बाकापर्यंत आला. ऑटोला उचलून नेलं तेव्हा त्याच्या तोंडातून रक्ताची धार लागली होती.

आता काय करायचं हे कुणी सांगायची गरज नव्हती. आपला माणूस पडला की त्यांचा पाडायचा. जो पिचर हे करत नाही, त्याच्या पाठीशी कुणी उभं राहत नाही. तरीही मॅनेजर ग्रिम्सली तंबाखू थुंकून म्हणाला, "पुढचा येईल त्याला घे."

"पुढचा ड्यूई आहे."

"मी नाव विचारलं का?"

बाकावरून कुणीतरी बोललं, "आमचे जबडे काय रस्त्यावर पडलेत, हॉयट? भाऊ तेवढा सोन्याचा?"

हॉयट चेंडू फेकायच्या उंचवट्यावर चढला. हळू टाकला तर सगळ्यांना कळलं असतं. फासळीत घालू, त्यानं ठरवलं, फासळी जुळते. ड्यूई प्लेटवर आला आणि त्यानं चक्क डोळा मारला. दादा नुसता देखावा करणार, चेंडू वळवणार, याची त्याला खात्री होती. हॉयटनं सगळं अंग झोकून फेकला. ड्यूई जागचा हलला नाही. उलट वळणाऱ्या चेंडूला गाठायला तो पुढे वाकला, आणि फासळ्यांच्या उंचीवर त्याचं तोंड आलं.

इस्पितळात ड्यूईचा डावा डोळा काढला. पट्ट्यांतून तो हॉयटचा हात चाचपून धरून म्हणाला, "दादा, वळणार होता ना रे तो?"

"हो."

"निसटला?"

"हाताला घाम होता."

"वाटलंच मला! त्या नर्सला मी सकाळपासून तेच सांगतोय. म्हणे भावानं मुद्दाम मारला. मूर्ख बाई."

तेवढ्यात दार ढकलून ग्रिम्सली आत आला. हातात संत्र्यांची टोपली, तोंडभर हसू. हॉयटच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "सख्खा भाऊ! मी सांगितलं आणि गड्यानं त्यालाही सोडलं नाही. तो ऑटो रडला रे ऐकून. असा पिचर मी जन्मात पाहिला नाही!"

ड्यूईनं हात सोडला आणि पांघरुणाखाली नेला.

त्या वर्षी हॉयट सर्वांत जास्त सामने जिंकला. सख्ख्या भावाला सोडलं नाही तो आपल्याला काय सोडणार, म्हणून बॅटर प्लेटपासून हातभर लांब उभे राहायचे आणि लांबूनच बॅट हलवून परत जायचे. वर्तमानपत्रांत फोटो यायचे. हॉयट ते चुलीत घालायचा.

हंगाम संपल्यावर तो घरी गेला. सकाळच्या पाळीचा भोंगा झाला तेव्हा खाणीच्या फाटकात उभा राहिला. माणसं त्याला ओळखून, टोप्या काढून, बाजूनं जात होती. ड्यूई आला. कपाळावर दिवा, हातात जेवणाचा डबा, एक पापणी शिवलेली.

"नको उतरूस," हॉयट म्हणाला. "मी आहे ना. हवं तर मार मला, दगड घे, पण नको उतरूस."

ड्यूईनं उरलेल्या डोळ्यानं त्याच्याकडे पाहिलं. "वाटेतनं सरक, दादा."

हॉयट सरकला.